एलव्हीजीएल

एलव्हीजीएल ही अंतःस्थापित प्रणालींसाठी तयार केलेली मुक्त स्रोत ग्राफिक्स लायब्ररी आहे. धुलाई यंत्र, मनगटी घड्याळ, तापमान नियंत्रक, त्रिमितीय मुद्रक किंवा कारखान्यातील मोजयंत्र यांच्या पोटात बसवलेल्या छोट्या संगणकांना अंतःस्थापित प्रणाली म्हणतात. अशा उपकरणांच्या पडद्यावर बटणे, आलेख, मजकूर आणि चित्रे दाखवणे व वापरकर्त्याचा स्पर्श ओळखणे हे या लायब्ररीचे काम आहे. ती सी भाषेत लिहिलेली असून एमआयटी परवान्याखाली सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे. नावाचा विस्तार 'लाइट अँड व्हर्सटाइल ग्राफिक्स लायब्ररी', म्हणजे हलकी आणि बहुपयोगी ग्राफिक्स लायब्ररी, असा आहे.

मोठ्या संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर पडदा रेखाटण्याचे काम कार्यप्रणाली करते. मायक्रोकंट्रोलरवर मात्र पुष्कळदा कार्यप्रणालीच नसते आणि स्मृती काही किलोबाइटांपुरतीच असते. तेथे प्रत्येक रेघ आणि प्रत्येक अक्षर कोणीतरी चित्रबिंदूंच्या रूपात मोजून काढावे लागते. हे काम प्रत्येक उत्पादकाने पुन्हा पुन्हा करू नये, ही अशा लायब्ररीमागील भूमिका आहे.

इतिहास

या लायब्ररीचा प्रारंभ हंगेरीतील अभियंता गाबोर किश-वामोशी यांनी २०१६ मध्ये केला. सुरुवातीला तिचे नाव 'लिटलव्हीजीएल' असे होते. पुढे ते आटोपशीर करून 'एलव्हीजीएल' झाले. सातवी आवृत्ती २०२० मध्ये, आठवी २०२१ मध्ये आणि नववी जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. आठव्या आवृत्तीत फ्लेक्स आणि ग्रिड या संकेतस्थळांच्या रचनेतून परिचित असलेल्या मांडणीपद्धती आल्या. नवव्या आवृत्तीत रेखाटनाची यंत्रणा नव्याने बांधण्यात आली. त्यामुळे रेखाटनाचे काम एकाहून अधिक गाभ्यांवर किंवा चित्र-प्रवेगकावर वाटून देता येऊ लागले. प्रकल्पाचे काम जगभरातील स्वयंसेवक आणि हंगेरीतील एलव्हीजीएल केएफटी ही कंपनी मिळून पाहतात.

आवृत्तीगणिक अनेक फंक्शनांची नावे बदलली आहेत. पडद्यासाठी आठव्या आवृत्तीत 'डिस्प' असे तोडलेले नाव होते, ते नवव्यात पूर्ण 'डिस्प्ले' झाले. 'बीटीएन'चे 'बटन' झाले. बदल योग्यच होता, पण त्याचा परिणाम असा की जुन्या आवृत्तीवरील पाठ नव्या आवृत्तीवर जसाच्या तसा चालत नाही. नवशिक्यांच्या पहिल्या आठवड्यातील बहुतेक चुका अशा आवृत्तिभेदातून उद्भवतात. हाती असलेला पाठ कोणत्या आवृत्तीचा आहे, हे आधी पाहून घेणे इष्ट ठरते.

आवश्यक साधनसामग्री

प्रकल्पाच्या दस्तऐवजांनुसार १६, ३२ किंवा ६४ बिटांचा मायक्रोकंट्रोलर, १६ मेगाहर्ट्झहून अधिक घड्याळगती आणि अत्यावश्यक भागांसाठी किमान ६४ किलोबाइट फ्लॅश स्मृती लागते. १८० किलोबाइट असल्यास सोयीचे. रॅमची किमान गरज तुलनेने थोडी आहे. स्टॅकसाठी २ किलोबाइट चालतात, पण ८ किलोबाइटांची शिफारस आहे. अनेक घटक एकाच वेळी पडद्यावर ठेवायचे असल्यास गतिमान वाटपासाठी ४८ किलोबाइट राखून ठेवावे लागतात. कंपायलर सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणाला अनुसरणारा असावा. कार्यप्रणाली, बाह्य स्मृती किंवा चित्र-प्रवेगक यांपैकी काहीही अनिवार्य नाही. असल्यास त्यांचा उपयोग करून घेता येतो.

रेखाटनाची पद्धत

लायब्ररीचे मर्म तिच्या काटकसरीत आहे आणि ती काटकसर आकड्यांवरूनच नीट कळते. ३२० गुणिले २४० चित्रबिंदूंच्या पडद्यावर एकूण ७६,८०० चित्रबिंदू असतात. प्रत्येकाचा रंग १६ बिटांत, म्हणजे दोन बाइटांत साठवला, तर एका पूर्ण चित्राला १,५३,६०० बाइट लागतात. अनेक मायक्रोकंट्रोलरांत एवढी रॅमच नसते. पाइन६४ या संस्थेच्या पाइनटाइम या मुक्त घड्याळाचे उदाहरण बोलके आहे. त्याचा पडदा २४० गुणिले २४० चित्रबिंदूंचा आहे. पूर्ण चित्रासाठी १,१५,२०० बाइट हवेत. घड्याळातील एनआरएफ५२८३२ या चिपमध्ये रॅम अवघी ६४ किलोबाइट आहे आणि तीही ब्लूटूथसह इतर सर्व कामांत वाटून घ्यायची असते. तरीही या घड्याळाची इन्फिनिटाइम ही मुक्त प्रणाली एलव्हीजीएल वापरून सरकते पडदे आणि रंगीत चिन्हे दाखवते.

हे साधते ते तुकड्यांत रेखाटण्यामुळे. लायब्ररी संपूर्ण चित्र स्मृतीत धरत नाही. पडद्याच्या काही ओळींएवढा एक बफर ती मागते, त्यात चित्राची एक पट्टी रेखाटते, ती पट्टी पडद्याकडे पाठवते आणि त्याच बफरात पुढची पट्टी रेखाटू लागते. पूर्ण चित्र पडद्याच्या नियंत्रक चिपमधील स्मृतीत साठत जाते. बफर पडद्याच्या एक दशांशाएवढा असावा अशी शिफारस आहे. वरील ३२० गुणिले २४० च्या पडद्यासाठी तो १५,३६० बाइटांचा होतो. असे दोन बफर दिल्यास आणि चिपमध्ये डीएमए ही स्वतंत्र वाहतूक यंत्रणा असल्यास, एक पट्टी पडद्याकडे जात असतानाच प्रक्रियक दुसरी रेखाटू शकतो.

दुसरी काटकसर अशी की जे बदलले नाही ते पुन्हा काढायचे नाही. एखाद्या लेबलातील मजकूर बदलला की लायब्ररी केवळ त्या लेबलाचा आयत 'शिळा' म्हणून नोंदवते आणि पुढच्या फेरीत तेवढाच भाग रेखाटते. फेरीचे अंतर मूळ सेटिंगमध्ये आवृत्तीनुसार ३० किंवा ३३ मिलिसेकंद असते. ४० मेगाहर्ट्झच्या एसपीआय जोडणीवरून ३२० गुणिले २४० चा पूर्ण पडदा पाठवायला सुमारे ३१ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३२ चित्रे. त्याच जोडणीवरून १०० गुणिले २४ चित्रबिंदूंचे एक लेबल मात्र एका मिलिसेकंदाच्या आत जाते. म्हणून चांगली मांडणी ती, जिच्यात एका वेळी थोडेच हलते. संपूर्ण पार्श्वभूमी सरकवणारे देखणे दृश्य संगणकावर छान दिसते, पण छोट्या चिपवर तेच अडखळत चालते.

घटक आणि शैली

पडद्यावरील प्रत्येक वस्तू हा एक घटक असतो: लेबल, बटण, सरकपट्टी, कमान, आलेख, यादी, कळफलक इत्यादी. घटकांची रचना वंशवृक्षासारखी असते. पडदा हा मूळ पुरुष. त्याच्या पोटात इतर घटक आणि त्यांच्या पोटात आणखी. पालक हलला की अपत्ये त्याच्यासोबत हलतात, पालक नष्ट केला की तीही नष्ट होतात, आणि अपत्याचा जो भाग पालकाच्या सीमेबाहेर जातो तो सामान्यतः दिसत नाही. रंग, कडा, गोलाई, सावली, अंतर असे गुण 'शैली' या स्वतंत्र वस्तूत साठवले जातात व एकच शैली अनेक घटकांना लावता येते.

शैलीसंबंधी एक सापळा प्रसिद्ध आहे. घटक शैलीची प्रत ठेवत नाही, केवळ तिचा पत्ता ठेवतो. शैलीचे चल एखाद्या फंक्शनाच्या आत तात्पुरते म्हणून घोषित केले, तर फंक्शन संपताच त्या पत्त्यावर दुसरेच काही येऊन बसते आणि पडदा विचित्र रंगांनी भरतो किंवा उपकरण बंद पडते. शैलीचे चल स्थिर किंवा सार्वत्रिक असले पाहिजे.

स्पर्शपडदा, कळा, फिरवायचे बटण आणि साधी बटणे अशा चार प्रकारची आदान साधने लायब्ररीला ठाऊक आहेत. स्पर्शपडदा नसलेल्या उपकरणात घटकांचा एक 'गट' करून कळांनी किंवा फिरत्या बटणाने एकेका घटकावर जाता येते.

बांधणी

लायब्ररी स्वतंत्रपणे स्थापित करण्याऐवजी तिच्या मूळ संहितेसह आपल्या प्रकल्पात समाविष्ट केली जाते व प्रकल्पासोबतच कंपाइल होते. सीमेक, मेक, आर्डुइनो, प्लॅटफॉर्मआयओ, झेफिर आणि एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी-आयडीएफ ही विकासप्रणाली या सर्वांत तिची सोय आहे.

बांधणीतील महत्त्वाची फाइल 'एलव्ही_कॉन्फ' ही आहे. लायब्ररीसोबत 'एलव्ही_कॉन्फ_टेम्प्लेट' नावाची नमुना-फाइल येते. तिची प्रत काढून, नाव बदलून ती लायब्ररीच्या फोल्डरशेजारी ठेवायची असते. नमुन्याच्या आरंभी संपूर्ण मजकूर निष्क्रिय करणारी 'इफ ०' अशी अट असते. ती 'इफ १' केल्याशिवाय फाइलमधील एकही सेटिंग लागू होत नाही. ही एक ओळ बदलायची राहून गेल्याने पुष्कळांचा पहिला प्रयत्न फसतो, आणि कंपायलर देतो त्या संदेशांवरून दोष चटकन लक्षातही येत नाही. ईएसपी-आयडीएफमध्ये हीच निवड मेन्यूमधून करता येते.

या फाइलमध्ये रंगाची खोली, लायब्ररीने वापरायच्या स्मृतीचा आकार, कोणते घटक हवेत आणि कोणते फॉन्ट समाविष्ट करायचे हे ठरवले जाते. नको असलेले घटक व फॉन्ट येथेच बंद केल्यास फ्लॅशची बरीच बचत होते. विकासाच्या काळात नोंदी आणि पडताळणी या दोन सुविधा चालू ठेवाव्यात. चुकीचा पत्ता दिला गेल्यास उपकरण मुकाट्याने गोठण्याऐवजी कारण सांगते.

प्रत्यक्ष कार्यक्रमात क्रम ठरलेला आहे. प्रथम लायब्ररीचे आरंभ फंक्शन, मग पडद्याच्या चिपचा आरंभ, त्यानंतर बफर आणि 'फ्लश' फंक्शन यांसह पडद्याची नोंदणी, मग आदान साधनाची नोंदणी. फ्लश फंक्शन वापरकर्त्याने लिहायचे असते: लायब्ररी त्याला एक आयत आणि त्यातील रंगांची पट्टी देते, आणि ती पट्टी पडद्याकडे पोहोचवणे हे त्याचे काम. पट्टी पोहोचली की 'फ्लश पूर्ण' असे लायब्ररीला कळवावे लागते. यापलीकडे दोनच जबाबदाऱ्या उरतात. किती मिलिसेकंद गेले हे लायब्ररीला सतत सांगत राहणे, आणि काही मिलिसेकंदांच्या अंतराने तिचे टायमर फंक्शन बोलावणे. पहिले काम इंटरप्टमधून करता येते. दुसरे इंटरप्टमधून कधीही करू नये.

दोष ओळखताना पडद्याचे लक्षण बरेच सांगून जाते. पडदा पांढराशुभ्र राहिला, तर बहुधा दोष लायब्ररीत नसून पडद्याच्या चिपच्या आरंभात असतो. आकृती योग्य पण रंग भलतेच असतील, तर १६ बिटांच्या रंगातील दोन बाइटांचा क्रम उलटा जात आहे किंवा तांबडा व निळा यांची अदलाबदल झाली आहे. पहिली पट्टी उमटून सारे थांबले, तर 'फ्लश पूर्ण' हा निरोप दिला गेलेला नाही. चित्र येते पण हालचाल होत नाही, तेव्हा वेळेची मोजणी लायब्ररीपर्यंत पोहोचत नसते. उपकरण कधी तासाने, कधी मिनिटाने बंद पडत असेल, तर एकाहून अधिक कार्यांतून लायब्ररीची फंक्शने एकाच वेळी बोलावली जात असण्याचा संभव मोठा. लायब्ररीची सामान्य फंक्शने अशा समांतर वापरासाठी सुरक्षित नाहीत. कार्यप्रणाली असल्यास त्यांच्याभोवती कुलूप घालावे लागते.

हे सर्व शिकण्यासाठी उपकरण हाती असलेच पाहिजे असे नाही. एसडीएल या लायब्ररीच्या साहाय्याने एलव्हीजीएल साध्या संगणकावरील खिडकीत चालवता येते, आणि तेथे रेखाटणारी संहिता उपकरणावरचीच असते. मायक्रोपायथनसाठीही जोडणी उपलब्ध आहे. ज्या विद्यार्थ्यांना सी भाषेचा सराव नाही त्यांना तेथून सुरुवात करणे सोपे जाते.

फॉन्ट

लायब्ररीसोबत माँटसेरात हा रोमन लिपीचा फॉन्ट निरनिराळ्या आकारांत येतो. अन्य फॉन्ट वापरण्यासाठी प्रकल्पाचे एक परिवर्तक साधन आहे. ते फॉन्ट-फाइल, आकार आणि यूनिकोडमधील वर्णांची कक्षा घेऊन सी भाषेतील तक्ता तयार करते, आणि तो तक्ता फ्लॅशमध्ये राहतो. प्रत्येक चित्रबिंदूसाठी १, २, ४ किंवा ८ बिट निवडता येतात. ४ बिटांत छायेच्या १६ पायऱ्या मिळतात व अक्षरांच्या कडा गुळगुळीत दिसतात. १ बिटात जागा चौपट वाचते, पण कडा दातेरी होतात. मजकूर यूटीएफ-८ या रूपात द्यायचा असतो.

देवनागरी आणि मराठी

परिवर्तक साधनाला देवनागरीची कक्षा, म्हणजे यूनिकोडमधील ०९०० ते ०९७एफ ही १२८ स्थाने, दिली तर ते कोणतीही तक्रार न करता फॉन्ट तयार करून देते. पडद्यावर मराठी मजकूर उमटतोही. पण तो मराठी नसतो.

याचे कारण लिपीच्या स्वभावात आहे. यूनिकोड मराठी मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवते, डोळ्याला दिसणाऱ्या क्रमाने नव्हे. 'दिवस' या शब्दात संगणकाच्या स्मृतीत आधी 'द' असतो, मग ऱ्हस्व वेलांटी, मग 'व' आणि 'स'. दिसताना मात्र ती वेलांटी 'द'च्या आधी यायला हवी. साठवलेला क्रम आणि दिसणारा क्रम यांची सांगड घालणे, जोडाक्षरे घडवणे, रफार शिरोरेषेवर चढवणे या क्रियेला आकारयोजन म्हणता येईल. संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर ते काम बहुधा हार्फबझ हे मुक्त सॉफ्टवेअर करते. एलव्हीजीएलमध्ये उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिपींची आणि अरबी-फारसी अक्षररूपांची सोय आहे. भारतीय लिपींच्या आकारयोजनेची सोय नवव्या आवृत्तीच्या आरंभापर्यंत तिच्यात नव्हती. साठवलेल्या क्रमानेच वर्ण काढल्यामुळे 'द' नंतर काढलेली वेलांटी पुढच्या 'व'ची वाटते आणि वाचणाऱ्याला 'दिवस' ऐवजी 'दविस' दिसतो. 'पिन' चे 'पनि' होते.

जोडाक्षरांची गत याहून वाईट. 'आर्द्रता' हा शब्द हवामान दाखवणाऱ्या कोणत्याही उपकरणावर लागतो. त्यात डोळ्याला तीन अक्षरे दिसतात: आ, र्द्र, ता. स्मृतीत मात्र त्याचे आठ वर्ण असतात: आ, र, हलन्त, द, हलन्त, र, त आणि काना. आकारयोजनेविना सुटे र आणि द पाय मोडून एकामागून एक उभे राहतात आणि शब्द ओळखूही येत नाही. शिवाय देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात. या एका शब्दाला २४. रोमन मजकुराच्या हिशेबाने १६ बाइटांची जागा राखली असेल, तर शब्द मध्येच, कदाचित एखाद्या वर्णाच्या मधोमध, तुटतो.

ही केवळ सौंदर्याची बाब नाही. औषध किती दिवस घ्यायचे, पंप किती मिनिटांनी बंद होईल, दाब किती वाढला, अशा सूचना देणाऱ्या उपकरणावर अशुद्ध अक्षर म्हणजे चुकीची सूचना. अशी अडचण आली की उत्पादक सोपा मार्ग धरतो आणि पडदा इंग्रजीत ठेवतो. त्याचा भार ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्यावर पडतो.

अडचणीवर उपाय आहेत आणि ते अवघडही नाहीत. देवनागरी अंक प्रथम घ्यावेत. ० ते ९ या अंकांना आकारयोजन लागत नाही. तापमान, वेळ, वजन हे सारे मराठी अंकांत दाखवण्यास कोणतीही आडकाठी नाही. सी भाषेतील फंक्शन रोमन अंक देते, त्यांच्या जागी यूनिकोडमधील ०९६६ ते ०९६एफ ही स्थाने घालावी लागतात, एवढेच.

मजकूर ठरीव आणि थोडा असेल, तर संपूर्ण वाक्ये संगणकावर शुद्ध रूपात रेखाटून चित्रे म्हणून साठवता येतात. २०० गुणिले ३२ चित्रबिंदूंची एक पाटी ४ बिटांत ३,२०० बाइट घेते. अशा शंभर पाट्या ३,२०,००० बाइट होतात. पाइनटाइमसारख्या ५१२ किलोबाइट फ्लॅशच्या उपकरणाला हे परवडणारे नाही, पण दहा-वीस पाट्यांसाठी हा मार्ग सर्वांत सरळ आहे.

यापुढचा उपाय अधिक शास्त्रशुद्ध आहे. उपकरणावर दाखवायच्या सर्व वाक्यांतून वेगवेगळी 'अक्षरे', म्हणजे व्यंजन, जोडाक्षर व त्यांना लागलेल्या मात्रा-अनुस्वार यांसह पूर्ण गट, वेचून काढायचे. संगणकावर हार्फबझच्या साहाय्याने प्रत्येक गटाचे एक चित्र करायचे आणि त्याला यूनिकोडच्या खासगी वापराच्या कक्षेतील एक स्थान द्यायचे. ई००० ते एफ८एफएफ या कक्षेत अशी ६,४०० स्थाने मोकळी आहेत. मग मूळ वाक्यांच्या जागी या स्थानांची मालिका ठेवली, की एलव्हीजीएलला फक्त एकापुढे एक चित्रे मांडायची उरतात, आणि ते काम तिला उत्तम येते. या पद्धतीत 'आर्द्रता' तीन स्थानांत मावतो. एक अक्षर सरासरी २० गुणिले २८ चित्रबिंदूंचे धरले, तर ४ बिटांत त्याला २८० बाइट लागतात. ३०० अक्षरांचा संच ८४,००० बाइटांत बसतो. मर्यादा ही की मजकूर आधी माहीत असला पाहिजे. फोनवरून येणारा संदेश किंवा एखाद्याचे नाव या संचाबाहेरचे अक्षर घेऊन आले, तर तेथे रिकामी चौकट दिसते.

यूनिकोडपूर्व काळातील मराठी संगणनाशी परिचय असलेल्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या प्रणालींत अक्षरखंडांना अशीच स्वतंत्र स्थाने दिलेली असत. सी-डॅकच्या जिस्ट कार्डाने तर आकारयोजनेचे काम संगणकात बसवलेल्या वेगळ्या यंत्रांशावर सोपवले होते. फरक एवढाच की त्या काळी साठवलेला मजकूरच त्या त्या प्रणालीच्या सांकेतिक स्थानांत अडकून पडे. येथे मूळ मजकूर यूनिकोडमध्ये सुरक्षित राहतो आणि खासगी स्थाने केवळ बांधणीच्या वेळी तयार होतात. मूळ वाक्ये फेकून देऊन फक्त रूपांतरित मालिका जपण्याची चूक मात्र होऊ नये.

वापरकर्ता स्वतः मजकूर लिहिणार असेल, तर उपकरणावरच आकारयोजन हवे. त्यासाठी हार्फबझची संहिता आणि फॉन्टमधील ओपनटाइप तक्ते दोन्ही सोबत न्यावे लागतात. लिनक्स चालवणाऱ्या मोठ्या फलकांवर हे सहज शक्य आहे, लहान चिपवर जड जाते. एलव्हीजीएल फ्रीटाइप या सॉफ्टवेअरशी जोडता येते, पण त्याने प्रश्न सुटतो असा समज करून घेऊ नये. फ्रीटाइप अक्षराची बाह्यरेषा भरते, अक्षरांचा क्रम लावत नाही. लेखनपेटीतील सूचकही एकेक वर्ण सरकतो; 'र्द्र'च्या मधोमध तो चार ठिकाणांवरून जातो, हे लिहिणाऱ्याला गोंधळात टाकते.

मराठीपुरत्या आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' या शब्दांतील आडवा र यूनिकोडमध्ये ०९३१ या स्थानावरील 'ऱ' व हलन्त यांनी लिहिला जातो, किंवा साधा र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक यांनी. अक्षरे वेचणाऱ्या कार्यक्रमाने दोन्ही रूपे एकच मानली पाहिजेत. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हिंदीहून भिन्न आहेत, आणि महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी मराठी वळणेच मान्य केलेली आहेत. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात, त्यांत मराठी वळण मिळण्यासाठी आकारयोजनाच्या वेळी भाषा 'मराठी' असल्याचे सांगावे लागते. न सांगितल्यास बहुधा हिंदी वळण येते. 'ॲप' मधील 'ॲ' यूनिकोडमध्ये २००८ मध्ये आला, म्हणून फार जुन्या फॉन्टांत तो सापडत नाही. नोटो सान्स देवनागरी आणि मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त हे दोन्ही फॉन्ट खुल्या परवान्याखाली असल्याने उपकरणात समाविष्ट करता येतात. लहान पडद्यावर २० चित्रबिंदूंहून कमी उंचीत 'ष्ट्य', 'द्ध्व' यांसारखी जोडाक्षरे गिचमिड होतात. तेथे मजकूर आखडता घेणे बरे.

या साऱ्याची पडताळणी संगणकावरील खिडकीतच होऊ शकते, कारण तेथेही लायब्ररी जशीच्या तशी रेखाटते आणि संगणकाचे आकारयोजन तिच्या मदतीला येत नाही. संहिता लिहिण्याच्या खिडकीत शब्द शुद्ध दिसला म्हणून तो पडद्यावर शुद्ध येईल, असे मानता येत नाही. पडदा मराठी वाचणाऱ्या माणसाने पाहिला पाहिजे.

परवाना व तत्सम साधने

एमआयटी परवान्यानुसार लायब्ररी विक्रीच्या उत्पादनातही वापरता येते, बदलता येते आणि स्वतःची संहिता उघड करण्याचे बंधन नसते. मूळ स्वामित्वसूचना व परवान्याचा मजकूर मात्र सोबत ठेवावा लागतो. लायब्ररीसाठी पडदे रचून देणारी दृश्य साधनेही आहेत. त्यांपैकी ईईझेड स्टुडिओ मुक्त स्रोत आहे, स्क्वेअरलाइन स्टुडिओ नाही.

एकरंगी छोट्या पडद्यांसाठी यू८जी२ ही अधिक हलकी मुक्त लायब्ररी प्रचलित आहे. तिच्यात घटक किंवा शैली नाहीत, पण काही किलोबाइटांत काम भागते. एसटी कंपनीची टचजीएफएक्स त्या कंपनीच्या चिपांवर विनामूल्य असली तरी मुक्त स्रोत नाही. सेगर कंपनीची एमविन आणि क्यूटी फॉर एमसीयूज ही व्यावसायिक उत्पादने आहेत.